ज्यांनी नेला, त्यांनी सांगावं

वैनी, तू गेलीस त्या दिवशी घरात पहिलं भांडण झालं ते तुला कोणती साडी नेसवायची यावरून. तू असतीस तर आधी हसली असतीस आणि मग कपाटातली हाताला लागेल ती साडी काढून दोघींच्या मध्ये टाकली असतीस. पण तू आतल्या खोलीत जमिनीवर निजलेली होतीस, उशाशी समई होती, आणि बाहेर ओटीवर बेबीताई आणि माझी सून दबक्या आवाजात भांडत होत्या.

सुनेनं कल्याणहून हिरवी साडी मागवली होती. सोबत हिरव्या बांगड्या, खण, नारळ, अबोलीची वेणी. तिचं म्हणणं सरळ होतं. मोठ्या आई आयुष्यभर कुंकू लावून राहिल्या, म्हणजे त्या सवाष्ण गेल्या. अहेव मरण भाग्याचं, त्याचा मान त्यांना मिळालाच पाहिजे. बेबीताई, तुझी नि माझी नणंद, खोपटहून लेकाच्या गाडीतून आलेली, अजून पायातल्या चपलाही तिनं काढल्या नव्हत्या. ती म्हणत होती की दादा आज असता तर ऐंशीचा असता. तो अजून कुठल्या तरी तुरुंगात बसलाय असं किती दिवस म्हणायचं? हिला हिरवी साडी नेसवली तर तो मेलाच नाही असं होतं, आणि तो मेला नाही तर त्याला सुटका नाही. एकदाच काय ते कबूल करा, वैनीला विधवा म्हणून द्या, आणि तिच्या दहाव्याला दादाचंही उरकून टाका.

मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. माहेरवाशिणीनं बोलायचं, पण ठरवायचं घरच्या बाईनं, असा आपल्याकडचा रिवाज. तू गेल्यावर घरची बाई मीच उरले. शिवाय मी स्वतः विधवा. अशा वेळी विधवेनं दोन पावलं मागे सरायचं असतं हे मला कुणी सांगितलं नाही, पण जमलेल्या सगळ्या बायकांना ते ठाऊक होतं. मलाही होतं. मी तिथेच उभी राहिले, कारण माझा नवरा सुरेश गेला तेव्हा तू मला मागे सरू दिलं नव्हतंस.

ज्याच्यावरून हे सगळं, त्या माझ्या थोरल्या दिराला, जयवंतला, मी कधी पाहिलंच नाही. मी या घरात आले ती युद्धानंतर. आंबिवलीजवळच्या या गावातला, भातशेती करणाऱ्या आगरी घरातला मुलगा, हवाई दलात वैमानिक झाला याचं कौतुक गावात तेव्हाही जुनं झालं नव्हतं. एकाहत्तरच्या डिसेंबरात तो पश्चिमेच्या सीमेपलीकडे विमान घेऊन गेला आणि ते विमान खालून मारलेल्या तोफांनी पाडलं. तार आली, तीत ‘बेपत्ता’ एवढंच. पुढच्या वर्षी कैदी सुटले, वाघा सीमेवरून चालत आले. त्यांत तो नव्हता. मेलेल्यांच्या यादीतही नाही, सुटलेल्यांच्याही नाही. तू तेव्हा विशीतली. लग्न होऊन पुरतं दीड वर्षही झालेलं नव्हतं.

मला आठवतं, मी डोंबिवलीची, बी.ए. बी.एड. झालेली, नवी नवरी म्हणून या घरात आले आणि तुला ‘तुम्ही’ म्हणायला लागले. इथे सगळे सगळ्यांना ‘तू’ म्हणतात हे मला माहीत नव्हतं. चार दिवस तू ऐकून घेतलंस. पाचव्या दिवशी चुलीपाशी म्हणालीस, “तुमी-तुमी कनाला बोलतंस? मास्तरीन तू हायस, मी नाय.” तेव्हापासून ‘तू’. भिंतीवर गणवेशातला जयवंतचा फोटो होता, हसरा, टोपी किंचित तिरकी. त्याला हार नव्हता. मी पदर सावरून त्या फोटोला नमस्कार करायला गेले, तर तू म्हणालीस, त्याच्या पाया पडायचं ते तो आल्यावर पड. मी घाबरून हात मागे घेतला. नंतर कळलं की तू माझी थट्टा करत होतीस. मग आणखी नंतर वाटलं, थट्टा नव्हती.

तू त्याच्याबद्दल फार बोलायची नाहीस. बोललीस तर पंजाबातल्या त्या तळावरच्या गमती सांगायचीस. तिथल्या साहेबांच्या बायकांनी तुला काट्या-चमच्यानं जेवायला बसवलं आणि तुझ्या ताटातली कोंबडीची तंगडी उडून शेजारणीच्या मांडीवर पडली. जयवंत घरी येऊन पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी तू त्याला सगळ्या मित्रांसकट घरी बोलावलंस, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलंस आणि बजावलंस, आता खाऊन दाखवा काट्यानं. ही गोष्ट तू मंगेशला इतक्या वेळा सांगितलीस की लहानपणी त्याला ते सगळे पायलट आपले काकाच वाटायचे.

मंगेश माझा मुलगा, पण वाढवलास तू. मी सकाळची शाळा गाठायला निघायचे तेव्हा तो तुझ्या कुशीत असायचा, परत यायचे तेव्हा तुझ्या पाठीवर. मला कधीकधी हेवा वाटायचा आणि मी तो बोलूनही दाखवायचे. तू म्हणायचीस, घेऊन जा तुझा पोर, मला काय भाताच्या कणग्या राखायला कमी आहेत का? आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याला न्हाऊमाखू घालायचीस. माझी नोकरी टिकली ती तुझ्या जिवावर. हे मी तुला कधी सांगितलं का? निवृत्तीच्या समारंभात भाषणात मी मुख्याध्यापकांचे, सहकाऱ्यांचे, शिपायाचेही आभार मानले. तू पहिल्या रांगेत बसून पेढे खात होतीस. तुझं नाव घ्यायचं सुचलंच नाही, घरच्याच माणसाचे कसले आभार म्हणून. आता मानते. घे.

वटपौर्णिमा आली की गावात तुझ्याबद्दल कुजबुज व्हायची. काही जणी तुला हळदीकुंकवाला बोलवायच्या, काही मुद्दाम विसरायच्या. तू मात्र दर वर्षी तळ्याकाठच्या वडाला जायचीस. एका वर्षी मी तुझ्या मागे दोरा गुंडाळत होते. पुढची बाई सात जन्म हाच नवरा दे म्हणाली, आणि तू मोठ्यानं म्हणालीस, “सात जनमाचा मंग बघू. पयले ह्या जनमाचा अर्धा ऱ्हायलाय तो दे.” बायका हसल्या, तूही हसलीस. मला हसू आलं नाही. घरी येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही, आणि का ते तुला कळलंच नाही.

आपलं खरं भांडण झालं ते आय, आपली सासू, गेली तेव्हा. बारा वर्षं माणूस सापडला नाही की त्याचा पुतळा करून क्रिया करतात. पळसाची पानं बांधून माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि रीतसर जाळायचा. आय अंथरुणाला खिळली होती आणि बारा वर्षं भरली होती. ती दिवसभर एकच घोकायची, “माज्या पोऱ्याला पानी द्या रं. त्यो तानेला ऱ्हायलाय.” मी तिच्या पायथ्याशी बसून सांगितलं, आय, करू या. सुरेश तयार, बेबीताई तयार. तू दारात उभी राहिलीस आणि नाही म्हणालीस. ना रडलीस, ना ओरडलीस. तू नाही म्हटल्यावर कुणाची छाती झाली नाही. आय तशीच गेली.

त्या वेळी मी तुला बोलले ते बोलले. म्हातारीला मरताना एवढंही सुख देता येत नाही तुला, तुझ्या हट्टापुढे आईचं काळीज काही नाही का, असं बरंच. आजही मला वाटतं, माझं बरोबर होतं. मेलेलं माणूस काही मागत नाही, मरणारं मागतं, त्याला द्यावं. हा वाद आपण पुढे कधी पुरा केला नाही. विषय निघाला की तू भाजी निवडायला घ्यायचीस, आणि मीही मुकाट्यानं दुसरी जुडी ओढायचे.

मग तो पाहुणा आला. जयवंतच्या जोडीनं त्या दिवशी दुसरं विमान घेऊन गेलेला वैमानिक, आता निवृत्त, पांढऱ्या मिशांचा, दक्षिणेकडचा गृहस्थ. मुंबईत कुणाच्या लग्नाला आला होता, तिथून पत्ता विचारत विचारत गावात पोचला. तू त्याला ओटीवर बसवलंस. त्यानं जे पाहिलं ते हिंदीत सांगितलं. जयवंतच्या विमानाला मागून आग लागली. ते डावीकडे कललं आणि झाडांच्या रांगेमागे गेलं. मग धूर. पॅराशूटची छत्री दिसली नाही, पण छत्री नव्हतीच असं मी शपथेवर सांगू शकत नाही, म्हणाला. हे वाक्य तो इतकी वर्षं मनाशी म्हणत आला असणार, कारण ते सांगताना तो अडखळला नाही. तू त्याला एकच प्रश्न विचारलास. “आप पलट के देखा क्या?”

“एक बार,” तो म्हणाला. “तेल उतना ही था.”

तू मान हलवलीस. मग आत जाऊन जिताड्याचं कालवण गरम केलंस, भाकऱ्या थापल्यास आणि त्याला पोटभर जेवू घातलंस. तो जेवताना रडायला लागला. तू त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढलास. जाताना त्यानं तुझ्या पायांना हात लावला आणि तू त्याला ‘गुड इव्हिनिंग’ म्हणालीस. दुपारचे दोन वाजले होते.

मागच्या दारी आपण दोघी भांडी घासत होतो, तेव्हा तू आपणहून बोललीस. जयवंत गेला तो त्याच दिवशी गेला, हे तुला पहिल्या वर्षीच कळलं होतं, असं म्हणालीस. माझ्या हातातली परात तशीच राहिली. मी विचारलं, मग हे कुंकू कशाला लावतेस? मग आयला का नाही म्हणालीस? तू तवा घासत राहिलीस, वर बघितलंही नाहीस.

“जेनी नेला तेनी यावा, सांगावा. तुजा मानूस मेला, इथं मेला, असा मेला. मंग पुसीन. मी आपले हातान कनाला पुसू? माजे हातान धाडलेला का मी त्याला?”

त्या दिवसापासून मी तुझ्या कपाळाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. इतकी वर्षं मला वाटत होतं, ही वाट बघतेय. गावाला वाटत होतं, हिचं डोकं फिरलंय, किंवा ही सती-सावित्री आहे, ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे. तू तर उत्तर मागत बसली होतीस. आपल्या हातानं कुंकू पुसलं की प्रश्न संपतो. घरच्यांनी पुतळा जाळला की ज्यांनी सांगायचं ते मोकळे होतात. मला हे पटलं, आणि तुझा अभिमानही वाटला.

पण वैनी, आता तू गेलीस म्हणून विचारते. तसंच असेल तर तू तिकडे गेली का नाहीस? बेपत्ता लोकांच्या घरच्यांना पाकिस्तानातल्या तुरुंगांत नेऊन दाखवायचं ठरलं, तेव्हा तुलाही विचारलं होतं. मी तुझी पिशवी भरायला काढली. तू म्हणालीस, तो काय मी हरवला म्हणून मी शोधायला जायचं? नेलेलं माणूस परत आणून द्यायचं काम नेणाऱ्याचं. मी खूप समजावलं. तू मला उलट शाळेला उशीर होतोय म्हणालीस. जी गेली ती माणसं हात हलवत परत आली, तेव्हा तू एका शब्दानं काही म्हणाली नाहीस.

आणि दुसरं. टीव्हीवर अधूनमधून बातमी यायची, पाकिस्ताननं पकडलेले आपल्याकडचे मच्छीमार सुटून आले, सीमेवरून चालत आले. अशी बातमी लागली की तू हातातलं काम टाकून टीव्हीपाशी जायचीस. अगदी जवळ, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरसुद्धा जवळ. तरुण पोरं पुढे यायची तेव्हा नाही, मागून एखादा म्हातारा दाढीवाला दिसला की तू वाकून बघायचीस. बातमी संपली की पुन्हा कांदा चिरायला बसायचीस. मी हे कितीतरी वेळा पाहिलं. तो त्याच दिवशी गेला असं सांगणारी बाई त्या म्हाताऱ्यांत कुणाला शोधत होती? तू उत्तर मागत होतीस की उत्तर येऊ नये म्हणून तिकडे गेली नाहीस, हे मला आजही ठरवता येत नाही. विचारायला हवं होतं. पण असं विचारायचं कसं असतं?

सुरेश गेला तेव्हा तो माझ्यासमोर गेला. छातीत दुखतंय म्हणाला, पाणी मागितलं, पाणी आणेपर्यंत मान कलली होती. बायका जमल्या, माझ्या बांगड्या काढायला दोघी पुढे आल्या. तू मध्ये आलीस. हिच्या हाताला कुणी हात लावायचा नाही, हिला काढायच्या तेव्हा ही काढेल, असं म्हणालीस आणि माझ्याजवळ जमिनीवर बसून राहिलीस. मी बांगड्या दोन महिन्यांनी काढल्या, माझ्या मी. पण त्याच आठवड्यात तू मला दुसरंही एक म्हणालीस, “तुजा नशीब बरा. तुना बघाया भेटला.” नवरा गेलेल्या बाईला असं कुणी बोलतं का? मी तुझ्यावर कितीतरी दिवस चिडून होते. तू गेल्यावर तुझ्या उशाशी बसले तेव्हा मला त्याचा अर्थ लागला, पण राग अजून थोडा शिल्लक आहे. राहू दे.

तर साडी. मी हिरवीही नेसवली नाही आणि पांढरीही नाही. तुझ्या रोजच्यातली जांभळ्या काठांची काढली, ती पदरापाशी जरा विरलेली. ओटी भरू दिली नाही. आणि मग तुझ्या डबीतलं कुंकू बोटावर घेऊन तुझ्या कपाळाला मी लावलं. विधवेच्या हातानं कुंकू, म्हणून मागे कुणीतरी चुकचुकलं. तुझं कपाळ गार होतं. टिकली जरा वाकडी आली, पण मी ती पुसून पुन्हा लावली नाही. पुसणं मला जमलंच नसतं. सवाष्ण गेली की तिच्या कपाळाचं कुंकू बाकीच्या बायका आपल्याला लावून घेतात, ते भाग्याचं म्हणून. तुझ्यापाशी आल्यावर त्यांना कळेना. काहींनी घेतलं, काही नुसत्या पाया पडून उठल्या. सुनेनं घेतलं. बेबीताईनं तोंड फिरवलं.

संध्याकाळी नाक्यावर बॅनर लागला. तुला हे सांगायलाच हवं. आपल्या गावात कुणाचा वाढदिवस असो की मयत, बॅनर लागल्याशिवाय ते झालं असं धरत नाहीत. वर तुझा फोटो, खाली गावातल्या तरुण मंडळाच्या पोरांचे हात जोडलेले फोटो, तुझ्यापेक्षा मोठे. ‘वीरपत्नीस भावपूर्ण श्रद्धांजली’. आणि जयवंतच्या नावामागे ‘शहीद’, नावाखाली फुलांचा हार छापलेला. जे सांगायला इतक्या वर्षांत कुणी दारी आलं नाही, ते नाक्यावरच्या फ्लेक्सवाल्यानं एका दुपारी ठरवून टाकलं. पोरांचा हेतू वाईट नव्हता. मी मंगेशला म्हटलं, उतरव. तो म्हणाला, आई, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, तू उतरवतोस की मी स्टूल घेऊन जाऊ? त्यानं उतरवला. पोरं अजून नाराज आहेत.

दहावा खडवलीला केला, नदीवर. बेबीताई गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसली होती. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. सगळ्यांना बरं वाटलं, बाईची काही इच्छा राहिली नव्हती म्हणाले. मला मात्र तुझा राग आला. आयुष्यभर अडून बसलीस, आणि मेल्यावर मिनिटभरही ताणून धरता आलं नाही तुला? मग मनात आलं, कावळ्याला काय कळतंय.

त्यानंतर भटजींनी पिशवीतून तो काढला. पळसाच्या पानांचा माणूस, सुतानं बांधलेला, डोक्याला नारळ. बेबीताईनं सांगून ठेवलं होतं. मला विचारूनच, मी हो म्हटलं होतं. खरंच म्हटलं होतं, वैनी. तू गेलीस, आता कुणासाठी अडवायचं, निदान बहिणीच्या जिवाला शांती मिळेल, असा विचार केला होता. आयच्या पायथ्याशी बसून जे म्हणत होते तेच इतक्या वर्षांनी होणार होतं. बेबीताईनं खुर्चीतून वाकून त्या पानांच्या पायांना हात लावला. तिच्या दादानं तिला पहिल्या पगारात घड्याळ आणलं होतं, ते चालत नाही तरी त्या दिवशी तिनं हातात घातलं होतं.

भटजी म्हणाले, घरच्या मोठ्या माणसानं एकदा तोंडानं म्हणायचं, हा गेला, याचं करा. मग मंगेशनं हातावर पाणी घ्यायचं. मंगेशनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणायला तोंड उघडलं. शब्द काही कठीण नव्हते. पण कुणी मला ते सांगितलेलं नव्हतं. कुठे गेला, कसा गेला, गेला का. मी म्हटलं, “मला माहीत नाही. मी कसं म्हणू?”

भटजी चांगले आहेत, त्यांनी समजुतीनं सांगितलं की हे नुसतं म्हणायचं असतं. मी म्हटलं, तेच तर तिनं म्हटलं नाही. बेबीताई रडायला लागली. “तूच तं आयपाशी बसून करू या बोल्लेलीस,” ती म्हणाली. मी म्हटलं, हो, मीच म्हणाले होते, आणि आयसाठी तेव्हा करायला हवं होतं असं मी आजही म्हणेन. पण आज माझ्या तोंडून ते निघत नाही. तिच्या रडण्यापुढे माझं बोलणं मलाच निर्दय वाटलं. तुलाही तेव्हा दारात असंच वाटलं होतं का? मला तर तू दगडाची वाटली होतीस.

भटजींनी मग हळूच विचारलं, यांचं श्राद्ध तरी कधी घालणार? पितृपक्षातल्या अविधवा नवमीला, म्हणजे सवाष्णींच्या तिथीला, की कसं? मी सांगितलं, ज्या तिथीला गेली त्या तिथीला. मंगेशनं सूत सोडलं, पानं मोकळी करून नदीत सोडली आणि नारळ भटजींना परत दिला.

परत येताना गाडीत बेबीताई खिडकीबाहेर बघत होती. टिटवाळ्याच्या फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, “वैनी इचारत बसली. आता तू बसशील. तू नि मी गेल्यावं कोन इचारंल, सुमन?”

मी पुढे मंगेशकडे पाहिलं, त्यानं ऐकलं होतं. फाटक उघडलं आणि त्यानं गाडी पुढे घेतली. वैनी, उद्या कुणी आलंच सांगायला, तर दारात मी आहे, तोवर तरी आहे. तुझ्या वतीनं ऐकून घेईन आणि मग तुझं कुंकू पुसलं असं धरीन. माझ्यानंतर कुणी आलं तर दार कोण उघडेल, ते मला सांगता येत नाही.